पुण्यात सोफा मढवताना: वऱ्हाडातून नव्यानं आलेल्यांसाठी

मी अकोल्याहून पुण्यात आले २००९ साली. आधी वारज्यात भाड्यानं राहिलो, मग सिंहगड रोडला. तेव्हापासून एकच सागवानी सोफा तीनदा मढवला. पहिल्या दोन वेळा पैसे पाण्यात गेले, म्हणून हे लिहितेय.

आधी हवेचं बोलू. आपल्याकडं उन्हाळा ४५ अंशांना टेकतो, म्हणून आपण कापड निवडतो ते उन्हाळ्याच्या धाकानं. पुण्यात धाक पावसाळ्याचा धरायचा. मोजला तर शहरातला पाऊस अकोल्यापेक्षा फार वेगळा नाही, पण आपल्याकडं तो कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन पडतं. इथं नुसती भुरभुर चालू राहते. जुलैत आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, टॉवेल दोरीवर ओलाच राहतो. टॉवेल निदान पंख्याखाली टाकता येतो. सोफ्याला कुठं टाकणार?

माझी पहिली चूक लेदरेट, म्हणजे नकली चामडं. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं." दिसायला झकास, चॉकलेटी रंग. चौथ्या पावसाळ्यात बाबा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं आले, दुपारभर सोफ्यावर पेपर वाचत बसले आणि उठले तर पांढऱ्या पायजम्याला मागं चॉकलेटी पापुद्रे चिकटलेले! मला वाटलं, माल खराब लागला. नंतर कळलं की बहुतेक लेदरेट म्हणजे कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा, पीयूचा, पातळ थर. हवेतल्या दमटपणानं तो थर आतून तुटत जातो. तुम्ही सोफ्यावर बसा, नाहीतर त्यावर चादर घालून जपून ठेवा, पापुद्रे निघायचे ते निघतातच. जुनं पीव्हीसीचं रेक्झिन त्यापेक्षा टिकाऊ, पण एप्रिलच्या दुपारी मांड्या चिकटतात. ते दवाखान्याच्या बाकड्यावरच बरं.

तेव्हा आई म्हणाली होती, "कापूस आपल्या वावरात पिकते, अन् तू रबरावर बसून राह्यली?" ते मनाला लागलं आणि मी दुसऱ्या टोकाला गेले. शुद्ध सुती, तेही बिस्किटी रंगाचं. कापड न धुता थेट शिवायला दिलं. पहिल्याच धुण्यात खोळ आटली, फोमवर चढेना. शेवटी दोघांनी ओढून चढवली तेव्हा कोपऱ्यातली शिवण उसवली. ऑगस्टमध्ये तिला कुबट वास यायला लागला आणि पाठीमागं काळे ठिपके उमटले, ते शेवटपर्यंत गेले नाहीत. सुती हवंच असेल तर शिवायच्या आधी कापड भिजवून वाळवा, आणि सोफा भिंतीपासून चार बोटं पुढं ठेवा. पश्चिमेच्या भिंतीला ओल हमखास येते.

तिसऱ्यांदा घेतलं ते पॉलिस्टर आणि कॉटनचं मिश्रण, जाड विणीचं, मातकट रंगाचं, मध्ये बारीक गाठी असलेलं. ते अजून टिकून आहे. अंगाला गरम होत नाही आणि वाळतंही लवकर. शनिल, म्हणजे मखमल, मात्र घेऊ नका. शेजारी कुठं ना कुठं बांधकाम चालू असतंच आणि ती सगळी धूळ लवीत जाऊन बसते. घरात मांजर असेल तर वर सुटे फासे असलेल्या विणीचं कापडही नको, नखं अडकतात.

कापड बघायला रविवार पेठेत जा, बोहरी आळीच्या आसपास. गाडी घरी ठेवून जा. दुकानात दिव्याखाली रंग ठरवू नका. वीतभर तुकडा मागून घ्या, तो घरच्या खिडकीत चार दिवस लटकू द्या. पांढरा रुमाल ओला करून त्यावर जोरानं घासा. रुमालावर रंग उतरला तर तो उद्या तुमच्या सासूबाईंच्या साडीवरही उतरेल. काठाचा एक धागा काढून काडीनं पेटवा: सुती कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला आणि मणी मिळाला, तर काय ते समजून घ्या. सॅम्पल बुकच्या मागं कधीकधी मार्टिनडेल आकडा छापलेला असतो, म्हणजे कापड किती घासण्या सोसतं त्याचं माप. घरातल्या रोजच्या सोफ्याला २०,००० च्या पुढं बघा. पोरं उड्या मारणारी असतील तर आणखी वर.

सोफ्याच्या कापडाचा पन्हा साधारण ५४ इंच असतो. तिघांच्या सोफ्याला १० ते १२ मीटर लागतं. मोठी फुलं किंवा चौकडा असेल तर नक्षी जुळवण्यात आणखी दोन-तीन मीटर जातात, म्हणून मी प्लेनच घेते. सगळं कापड एकाच ठाणातून फाडून घ्या. नंतर कमी पडलं आणि दुसऱ्या लॉटमधलं आणलं, तर छटा जुळत नाही.

कारागिराला पहिल्याच भेटीत सांगायचं: सीट आणि पाठीच्या खोळी चेन लावून, काढता येतील अशा, शिवण डबल, सीटला ४० डेन्सिटीचा (घनतेचा) फोम, पाठीला ३२ चालेल. ठोकून बसवलेलं कापड धुता येत नाही. अकरा महिन्यांच्या करारावर घर बदलत राहणाऱ्यांना तर खोळीच बऱ्या. टेम्पोत चढवताना काढून ठेवायच्या, नव्या घरी धुऊन घालायच्या. मजुरी बहुतेक सीटवर ठरते, ती आधी बोलून घ्या. दिवाळीच्या तोंडावर हे लोक सापडत नाहीत. पितृपक्षात लोक खरेदी टाळतात, तेव्हा कामाला बोलवा. आमच्याकडं यावरून दोन दिवस अबोला झाला होता, पण काम आठवड्यात झालं.

आणि उरलेलं कापड मागून घ्या, नाहीतर ते कारागिराच्या पिशवीत भरून जातं. सीटची पुढची कड सगळ्यात आधी विरते. माझ्याकडं पाऊण मीटर ठेवलंय घडी करून.