आजोबा नेमके कुठल्या आघाडीवर होते? महायुद्धातल्या फौजी अधिकाऱ्याचा माग कसा काढावा

काळ्या पत्र्याची एक ट्रंक आमच्या सदाशिव पेठेतल्या घरात कित्येक वर्षं गहू ठेवायला वापरात होती. आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात फौजेत अधिकारी होते आणि इंफाळला होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एका दिवाळीत ट्रंक घासायला काढली, तेव्हा झाकणावरच्या ऑइलपेंटखाली पांढरी इंग्रजी अक्षरं दिसली. हुद्दा, नाव, ‘आय.ई.सी.’ने सुरू होणारा एक नंबर आणि शेवटी ‘आर.आय.ए.एस.सी.’, म्हणजे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर, फौजेचं पुरवठा खातं. मी पुढे जे काही शोधलं ते त्या झाकणापासून सुरू झालं. म्हणून तुम्हालाही सांगते, दिल्ली-लंडनला पत्रं पाठवण्याआधी आपला माळा उतरवून बघा.

घरात काय शोधायचं

सगळ्यात मोलाचा असतो नंबर. आडनावं सारखी असतात आणि इंग्रजी स्पेलिंग दर कागदावर बदलतं, नंबर मात्र तोच राहतो. ट्रंकेचं झाकण, होल्डॉल, फौजेतून मुक्त झाल्याचा दाखला, पदकाची कड, कुठेही तो सापडू शकतो. ‘आय.ई.सी.’ म्हणजे युद्धकाळात भारतीयांना दिलेलं तात्पुरतं, म्हणजे इमर्जन्सी कमिशन (अधिकारी म्हणून नेमणूक). नुसतं ‘आय.सी.’ असेल तर नियमित कमिशन. युद्धानंतर फौजेतच राहिलेल्या काहींना आधी एक आणि नंतर दुसरा असे दोन नंबर मिळाले. दोन्ही टिपून ठेवा.

पदकं असली तर फितीचे रंग नीट पाहा. मधोमध लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्यात नारिंगी रेघ, हा बर्मा स्टार. तो ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातल्या ब्रह्मदेशाच्या मोहिमेसाठी आहे. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल असेल तर इटली स्टार. फिकट वाळूच्या रंगावर मधे लाल पट्टा असेल तर आफ्रिका स्टार. इंडिया सर्व्हिस मेडल हे किमान तीन वर्षांच्या बिगरलढाऊ नोकरीसाठी दिलं जाई. एवढ्यावरून आघाडी कळते आणि निम्मा शोध तिथेच आटोपतो.

पत्रं असतील तर मजकुराआधी पाकीट बघा. सेन्सॉरमुळे गावाचं नाव लिहिता येत नसे, पण शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक असतो. कोणत्या तारखेला कोणत्या क्रमांकाचं टपालघर कुठे होतं, याच्या याद्या टपाल-संग्राहकांनी मेहनतीने तयार केल्या आहेत. असा एखादा संग्राहक ओळखीचा निघाला तर त्याला पाकीट जरूर दाखवा. तिकिटाच्या मोहाने कुणी शिक्का कापला असेल तर मात्र हा धागा कायमचा तुटतो.

अधिकारी की सुभेदार?

घरात ‘ऑफिसर होते’ म्हणतात, पण कागदावर जमादार, सुभेदार किंवा सुभेदार मेजर असतं. हे मोठ्या मानाचे हुद्दे होते, पण त्या काळी ते व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर या वेगळ्या वर्गात येत आणि त्यांचे कागद वेगळ्या ठिकाणी असतात. सुभेदार, हवालदार, शिपाई यांच्यासाठी त्या-त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे जायचं. मराठा लाइट इन्फन्ट्रीसाठी बेळगाव, बॉम्बे सॅपर्स या फौजी इंजिनिअरांसाठी आपली खडकी, महार रेजिमेंटसाठी सागर, तोफखान्यासाठी नाशिक रोड. लेफ्टनंट आणि त्यावरच्या हुद्द्यांसाठी दिल्लीतलं सेना मुख्यालय, तिथली अ‍ॅडज्युटंट जनरल शाखा. हा फरक माहीत नसल्याने माझा पहिला अर्ज भलत्याच दारात जाऊन परत आला. पुण्यातल्या पेशवे दफ्तराचीही काहीजण वाट धरतात. तिथे यातलं काही नाही.

छापील याद्या आणि गॅझेट

युद्धकाळात ‘इंडियन आर्मी लिस्ट’ ही अधिकाऱ्यांची छापील यादी निघत असे. तिचे काही खंड इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात आणि मोठा संच लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहे. एकच खंड पाहून थांबू नका. लागोपाठचे खंड लावले की बढती आणि बदली दोन्ही दिसतात.

हुद्द्याबाबत गोंधळ होतो, तो आधीच सांगून ठेवते. घरी ‘मेजरसाहेब’ म्हणत असतील आणि यादीत लेफ्टनंट दिसला, तर घरचे खोटं सांगत होते असं समजू नका. युद्धात एकाच माणसाचे एकाच वेळी तीन हुद्दे असत: वॉर सबस्टँटिव्ह (युद्धकाळापुरता पक्का) लेफ्टनंट, टेम्पररी (तात्पुरता) कॅप्टन आणि अ‍ॅक्टिंग (कामापुरता) मेजर. यादीतला आणि खांद्यावरचा, दोन्ही हुद्दे खरेच.

कमिशन आणि शौर्यपदकांसाठी लंडन गॅझेट, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, घरबसल्या, मोफत शोधता येतं. सरावाला खडकीशीच नातं असलेलं नाव घ्या: सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत, बॉम्बे सॅपर्सची २१ फील्ड कंपनी. १९४१च्या जानेवारीअखेर सुदानच्या सीमेवरून इथिओपियातल्या गोंडारकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी सुरुंग काढले आणि १० जून १९४१च्या गॅझेटमध्ये त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ती नोंद तुम्हाला सापडली की शोधायची रीत हाताला बसते. पदकाची शिफारस करताना लिहिलेला मूळ कागदही पुष्कळदा मिळतो. लंडनमध्ये क्यू इथे ब्रिटनचं राष्ट्रीय अभिलेखागार आहे, तिथल्या ‘डब्ल्यू.ओ. ३७३’ या मालिकेत तो असतो.

स्पेलिंगबाबत सावध राहा. त्या कागदांत मराठा हा शब्द एच आणि दोन टी घालून, ‘महरट्टा’ असा लिहिलाय. खडकी म्हणजे ‘किरकी’, पुणे म्हणजे ‘पूना’. पलटणीचं नाव ‘३/५’ असं दिसलं तर ती पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण.

वॉर डायरी: माणूस नको, पलटण शोधा

या कामाचा गाभा इथे आहे. आघाडीवरच्या प्रत्येक पलटणीला, कंपनीला रोजची नोंद ठेवावी लागे. स्थळ, तारीख, वेळ, मग घडलेल्या गोष्टी आणि शेवटी जोडपत्रांचे उल्लेख, असे रकाने. महिन्याच्या महिन्याला ती वर पाठवायची. या डायऱ्या क्यूला आहेत: आग्नेय आशियासाठी ‘डब्ल्यू.ओ. १७२’, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी ‘१६९’, इटलीसाठी ‘१७०’. वाचनकक्षात स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढायला पैसे पडत नाहीत, म्हणून तिकडे शिकणारं किंवा नोकरी करणारं नात्यातलं कुणी असेल तर त्याच्या गळ्यात हे काम घाला. दिल्लीत संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभागही लष्करी इतिहासाचे असे कागद सांभाळतो.

आजोबांच्या कंपनीची १९४४ची डायरी हातात आली तेव्हा मी अधीरपणे फक्त त्यांचं नाव शोधत होते. सबंध वर्षात ते तीनदा आलं: रजेवर गेले, रजेवरून परतले, कोर्सला गेले. मी हिरमुसले. मग पुन्हा पहिल्या पानापासून, नाव विसरून वाचायला घेतलं. किती खेचरं आजारी, किती दाणा शिल्लक, कुठला रस्ता पावसाने खचला. त्या वर्षी मार्चअखेरपासून इंफाळचा रस्ता जपानी फौजांनी तोडला होता आणि तो २२ जूनला मोकळा झाला. मधल्या काळात रसद विमानाने येई आणि विमानं न पोचणाऱ्या डोंगरांवर ती खेचरांच्या पाठीवरून जाई. ‘नुसते पुरवठा खात्यात होते’ असं घरी जरा खालच्या आवाजात म्हणत. ते वाक्य मी त्या दिवसापासून कुणाला बोलू दिलेलं नाही.

वाचताना एक तक्ता करा. डावीकडे तारीख, मधे डायरी काय म्हणते, उजवीकडे घरचं पत्र किंवा आठवण. रजेच्या तारखा पहिल्यांदा जुळतात, कारण रजा घरच्यांनाही आठवते.

दिल्लीला अर्ज

आपल्या माणसाच्या नोकरीचा तपशील मागायचा तर नंबर, पूर्ण नाव, शाखा, अंदाजे वर्षं, तुमचं नातं आणि त्याचा पुरावा एवढं जोडा. माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून ऑनलाइन अर्ज करता येतो. प्रश्न नेमके ठेवा: कमिशनची तारीख, कोणकोणत्या युनिटमध्ये नेमणूक, मुक्त केल्याची तारीख. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर उत्तरही तसंच मोघम येईल.

काही वाटा वेगळ्या जातात. फौजेत असताना मृत्यू झाला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाइन नोंदवही आधी बघा. तिच्यात ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू येतात. दहन झालेल्यांची कबर नसते, त्यांची नावं स्मारकांवर कोरलेली असतात. युद्धकैदी असतील तर जिनिव्हाच्या रेड क्रॉसकडे विचारणा करता येते. आणि रेजिमेंट बलुच, फ्रंटियर फोर्स किंवा ८ पंजाब अशी निघाली तर ती फाळणीत पाकिस्तानकडे गेली हे लक्षात ठेवा. तिथे ब्रिटनमधल्या प्रतींवरच भिस्त ठेवावी लागते.

जे मिळेल त्याच्या प्रती काढून भावंडांना, चुलत-मावस-मामे सगळ्यांना पाठवा. माझा तक्ता बघून नागपूरच्या मामेबहिणीने एक फोटो धाडला, तो आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता. आजोबा एका खेचराचा लगाम धरून उभे आहेत आणि बाहीवर काळं मांजर आहे. ते १७व्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह. ती डिव्हिजन त्या वसंतात ब्रह्मदेशातल्या टिड्डिमहून येणाऱ्या रस्त्याने लढत लढत इंफाळला माघारी आली होती. फोटोमागे पेन्सिलीने फक्त महिना लिहिलाय: मे १९४४.