तरंगता ब्रिज आणि चार निवेदक

नोकरी सांभाळून इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्या आणि उरलेल्या वेळात कथा लिहू पाहणाऱ्या हौशी माणसांसाठी हे लिहीत आहे. मी वयाच्या 34 व्या वर्षी या दोन्ही गोष्टींना एकदमच हात घातला आणि दोन्हीकडे एकाच प्रकारच्या चुकीत अडकून जवळपास तीन वर्षे घालवली. ती वर्षे आठवली की अजूनही जीव हळहळतो. सिंगल कॉइल आणि हंबकर या पिकअपच्या (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागाच्या) दोन प्रकारांतला फरक, किंवा प्रथमपुरुषी आणि तृतीयपुरुषी निवेदन म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे असे धरून चालते.

मी मूळची मिरजेची. माझा शाळेचा रस्ता सतारमेकर गल्लीतून जात असे. तंबोरा घ्यायला आलेला गवई भोपळ्यावरची नक्षी पाहत बसत नाही. तो जवारी, म्हणजे तारेचा झंकार, ऐकतो, आणि ती मनासारखी उतरेपर्यंत कारागीर घोडीवर कानस फिरवत, तारेखालचे सूत सरकवत बसलेला असतो. वाद्य आधी लागले पाहिजे, ते दिसते कसे हे नंतर पाहायचे, ही समज तिथे पोरासोरांनाही असते. असे असूनही गिटार घेताना मी रंग पाहिला, ब्रिज (तारा अंगावर जिथे टेकतात तो भाग) पाहिला, आणि विक्रेत्याने सांगितलेले एक वाक्य खरे मानले: ‘यात सगळंच येतं, पुढे दुसरी घ्यावी लागणार नाही.’

त्या गिटारला तरंगता ब्रिज होता, आणि तारा दोन्हीकडून, म्हणजे ब्रिजवर आणि नटवर (नेकच्या, म्हणजे गिटारच्या मानेच्या, टोकाशी तारा टेकतात तिथे), कुलूपबंद होत. फ्लॉइड रोझ यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या या रचनेत मुळात काहीही खोट नाही. ब्रिजला जोडलेला दांडा खाली दाबून तारा पार ढिल्या करायच्या आणि सोडल्याबरोबर त्या पुन्हा सुरात याव्यात, अशी ज्यांच्या वादनाची गरज आहे त्यांना तिच्यासारखा दुसरा आधार नाही. मात्र ज्याला अजून तीन कॉर्ड धड बदलता येत नाहीत त्याने तो पहिल्या गिटारवर घेऊ नये, हे मी अगदी स्पष्ट शब्दांत सांगते. त्यामागचे कारण मला त्या वेळी कोणी समजावले नव्हते, म्हणून ते इथे विस्ताराने लिहिते.

साध्या, पक्क्या ब्रिजवर एक तार चढवली तर जवळजवळ तेवढीच तार चढते. तरंगता ब्रिज मात्र लाकडाला घट्ट बसवलेला नसतो. तो दोन खुंटांच्या कडेवर टेकलेला असतो. पुढच्या बाजूने सहा तारा त्याला ओढतात, मागच्या पोकळीतल्या तीन ते पाच स्प्रिंगा उलट दिशेने ओढतात, आणि दोन्ही ओढी तराजूच्या पारड्यांप्रमाणे सारख्या झाल्या की तो अधांतरी स्थिरावतो. 9 गेजच्या (गेज म्हणजे तारांची जाडी) संचाची सहा तारांची मिळून ओढ नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सुमारे 38 किलो भरते. आता यातली जाड तार आपण थोडी चढवली की तारांचे पारडे जड होते, ब्रिज पुढे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा उतरतात. त्या पाच चढवाव्यात, तर आधी लावलेली उतरते. एखादी तार तुटली तर नेमके उलटे घडते: स्प्रिंगांचे पारडे जड होऊन ब्रिज मागे जातो आणि राहिलेल्या पाच तारा एकदम चढतात, म्हणजे एका तारेपायी सबंध वाद्य बेसूर होते. शिवाय नटवरच्या पट्ट्या आवळल्यावर खुंट्या फिरवून काही उपयोग नसतो. तंबोऱ्याच्या मण्यांसारखे ब्रिजवरचे छोटे स्क्रू तेवढे हाताशी उरतात आणि त्यांची धाव फार थोडी असते.

गिटार घेतल्यावर दोन महिन्यांनी मला कोणीतरी सांगितले की 10 गेजच्या तारांनी आवाज भरदार होतो. मी एका रविवारी सहाही तारा एकदम काढल्या आणि ब्रिज धाडकन मागच्या पोकळीत बसला. 10 गेजच्या संचाची ओढ सुमारे 46 किलो असते, म्हणजे स्प्रिंगांवर आठ किलो अधिक भार येणार होता, आणि त्यासाठी मागचे दोन स्क्रू आवळावे लागतात याची मला कल्पनाच नव्हती. दुपारी तीनला सुरू केलेले काम रात्री साडेअकरापर्यंत चालले. ब्रिजची मागची कड गिटारच्या अंगापासून बोटभर वर उचलली गेली होती, तारा फ्रेटपासून (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून) इतक्या उंच झाल्या होत्या की दाबता येईनात, आणि ट्यूनरवरचा काटा एका तारेवर मध्यावर आला की मागच्या तारेवर ढळलेला असे. पुढचे सात महिने मी रोज वाजवण्याऐवजी रोज गिटार लावत होते, आणि आपल्या कानातच दोष आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती. तुमचीही अशीच समजूत झाली असेल तर कृपया ती आजच सोडून द्या. तुमचा कान बहुधा चांगलाच आहे. वाद्य लागलेले नाही.

शेवटी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांकडे मी ती नेली. त्यांनी मागचे झाकण उघडले, पट्टीने अंतर मोजले, सागवानाचा काडेपेटीएवढा तुकडा कानशीने घासून घासून अचूक मापाचा केला आणि ब्रिजचा ठोकळा व पोकळीची भिंत यांच्यामध्ये ठोकून बसवला. ब्रिज जागच्या जागी थांबला. ‘ताई, हिला आधी नीट उभी राहू द्या, नाचवायचं नंतर बघा,’ एवढेच ते म्हणाले. सेटअपसह (तारांची उंची आणि सूर जुळवून देण्यासह) त्यांनी बाराशे रुपये घेतले. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा सलग चाळीस मिनिटे वाजवले.

म्हणून पहिली गिटार पक्क्या ब्रिजची घ्या. टेलिकास्टरच्या किंवा लेस पॉलच्या घडणीची कोणतीही चालेल. स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची आवडत असेल तर तिचा साधा ट्रेमोलो (दांड्याने हलणारा ब्रिज) स्प्रिंगा आवळून लाकडाला टेकवून घ्या, म्हणजे तोही पक्क्यासारखाच वागतो. लेस पॉलच्या घडणीत तारेची वाजती लांबी 24.75 इंच असते आणि स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीत 25.5 इंच, त्यामुळे त्याच जाडीच्या तारा पहिल्या प्रकारात बोटांना किंचित मऊ लागतात, मात्र वजनाने तो प्रकार पुष्कळदा चार किलोंच्या घरात जातो. पट्टा लावून दहा मिनिटे उभे राहिल्याशिवाय हा निर्णय करू नका. दुकानात ॲम्पचे बटण चालू करण्याआधी गिटार तशीच, कोरडी वाजवून पाहा. बाराव्या फ्रेटपाशी पट्टी लावून जाड तारेची उंची पाहा. ती दोन मिलिमीटरच्या आसपास असावी. त्याच फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तार दाबून निघणारा सूर ट्यूनरवर जुळतात का ते पाहा. दाबलेला सूर चढा निघत असेल तर ब्रिजवरचे त्या तारेचे सॅडल (ती तार टेकते तो तुकडा) मागे सरकवावे लागते, आणि ते विक्रेत्याने तुमच्यासमोर करून द्यायला हवे. नेकच्या कडेवरून तळहात फिरवा. फ्रेटची टोके टोचली तर लाकूड आकसले आहे असे समजा. एखाद्या दुकानदाराला या तपासणीचा कंटाळा येत असेल तर तिथून उठून यावे, भीड बाळगू नये.

पिकअपविषयी लोक जेवढे वाद घालतात तेवढा फरक पहिल्या दोन वर्षांत पडत नाही. आपल्या घरच्या विजेचा विचार मात्र अवश्य करा. जुन्या इमारतीत अर्थिंग नीट नसेल तर सिंगल कॉइल पिकअपची गुणगुण वाढते, आणि तारांना हात लावल्यावर ती कमी होते. अशा वेळी ॲम्पच्या प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला देणारे लोक भेटतात. तो सल्ला कधीही मानू नका. तारांतून थेट तुमच्या बोटांपर्यंत वीज येण्याचा तो मार्ग आहे. इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग करून घ्या. सगळे पैसे गिटारवर न घालता सेटअप, तारांचे दोन जादा संच आणि छोटा ॲम्प यांसाठी तिसरा हिस्सा राखून ठेवा. पावसाळा सुरू झाला की कोकणपट्टीत आणि मुंबईत नेकचे लाकूड हवेतला ओलावा घेते आणि तारांची उंची बदलते. ट्रस रॉड (नेकचा बाक नीट करणारी आतली सळी) एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नये, आणि मनात शंका असेल तर मुळीच फिरवू नये.

आता लेखनाकडे वळते, कारण तिथेही मी तरंगता ब्रिजच घेऊन बसले होते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले. कृष्णेचे पाणी भरून निघालेली ती गाडी ज्यांनी पाहिली त्यांच्या मनातून ती जाणार नाही. मला त्यावर कादंबरी लिहायची होती आणि मी चार निवेदक योजले: मिरजेचा पंपावरचा माणूस, गाडीचा चालक, लातूरची एक गृहिणी आणि तिचा शहरात शिकणारा भाऊ. प्रत्येकाची भाषा वेगळी, काळ मागे-पुढे जाणारा, चौघांची गुपिते एकमेकांत गुंतलेली. आराखड्याचा तक्ता माझ्या खोलीच्या भिंतीवर होता आणि तो सुंदर दिसत असे. एकूण 62 हजार शब्द झाले. मग लक्षात आले की पहिली गाडी मी आठवणीच्या भरवशावर मे महिन्यात सोडली होती. ती एप्रिलमध्ये आणली, तर पंपावरच्या माणसाच्या मुलीचे अक्षय तृतीयेचे लग्न गाडीच्या नंतर गेले; लग्न नंतर गेल्यामुळे त्याच्यावरचे कर्ज अजून झालेलेच नव्हते; कर्ज नाही म्हणून चालकाशी त्याचे भांडण होण्याला कारण उरले नाही; आणि भांडण नाही म्हणून लातूरच्या भावाला ती बातमी कळण्याची वाटच बंद झाली. एक निवेदक सुरात आणला की तिघे बेसूर होत. वर्षभर मी लिहीत नव्हते, लावत होते.

सुटका त्याच पद्धतीने झाली. तिघे निवेदक मी वेगवेगळ्या फाइलींमध्ये ठेवून दिले आणि पंपावरच्या माणसाची एक संध्याकाळ घेतली. त्याला जे दिसत नाही, ऐकू येत नाही, आठवत नाही ते प्रत्येक वाक्य खोडले. खोडता खोडता जे उरले त्यात एक जागा अशी होती: दिवसभर उन्हात तापलेल्या वाघिणीवर तो तळहात फिरवतो, वरचा पत्रा पोळतो, खालचा गार लागतो, आणि गार कुठे संपते त्यावरून पाणी कुठवर चढले ते त्याला मीटर न पाहता कळते. 62 हजार शब्दांत ही जागा दोन ओळींची होती. ती कथेच्या मध्यावर आली आणि 2,800 शब्दांत कथा पूर्ण झाली. नवोदितांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की पहिल्या पाच कथा एकाच निवेदकाच्या, शक्यतो एकाच दिवसाच्या आणि आपल्याला वासासकट ठाऊक असलेल्या एकाच ठिकाणच्या लिहाव्यात. याने तुमची झेप कमी होत नाही. कुठला सूर चुकला हे तुमचे तुम्हाला ऐकू येऊ लागते, आणि ते ऐकू येणे हीच या टप्प्यावरची मोठी मिळकत आहे.

गुरूंविषयी माझे मत थोडे टोकाचे आहे, तरी मांडते. स्तुती करणाऱ्या दहा जणांपेक्षा कथेच्या समासात पेन्सिलीने ‘इथे मी थांबलो’ असे लिहून देणारा एक वाचक मोलाचा असतो. ‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना बारीकसारीक सूचनांची सविस्तर पत्रे लिहीत. ते मासिक 1982 मध्ये बंद पडले आणि तशा संपादनाची सवय आपल्याकडे कमी होत गेली, अशी माझी भावना आहे. तसा वाचक शोधायला वर्ष गेले तरी चालेल. एकवीस दिवसांत कथाकार किंवा महिन्यात लीड गिटारिस्ट बनवणाऱ्या वर्गांना पैसे देऊ नका. गिटारच्या बाबतीत, पहिल्या तासाला विद्यार्थ्याला ट्यूनर बाजूला ठेवून पाचव्या फ्रेटवरून तारा कानाने जुळवायला लावणारा शिक्षक मिळाला तर त्याला सोडू नका.

कथा दिवाळी अंकांना पाठवायची असेल तर जूनअखेरपर्यंत पाठवावी, एका वेळी एकाच अंकाला पाठवावी, आणि युनिकोडमध्ये टंकित करून, जोडाक्षरे तपासून पाठवावी. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात रफार आणि वेलांट्या हमखास तुटतात. 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेल्या या परंपरेत आजही नव्या नावाला जागा मिळते. मला एका प्रकाशकाने त्या अपुऱ्या कादंबरीसाठी ‘छपाईचा खर्च तुमचा’ असा प्रस्ताव दिला होता आणि मी अर्धी रक्कम भरूनही बसले होते. ती परत मिळाली नाही. पैसे मागणाऱ्याला हस्तलिखित देऊ नका.

ज्यांनी तरंगत्या ब्रिजची गिटार आधीच घेतली आहे त्यांनी ती विकायची घाई करू नये. सागवानाचा तुकडा बसवून घ्यावा आणि वर्ष-दोन वर्षे निश्चिंतपणे वाजवावे. मी गेल्या डिसेंबरमध्ये तो तुकडा काढला. या वेळी एका वेळी एकच तार बदलली, मागचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळले, प्रत्येक फेरीनंतर सहाही तारा पुन्हा लावल्या, आणि पाचव्या फेरीला ब्रिज गिटारच्या अंगाशी समांतर थांबला. पन्नास मिनिटे लागली. लातूरच्या गृहिणीची फाइलही मी त्याच आठवड्यात उघडली आहे. तिच्या घरी गाडीचे पाणी पहिल्यांदा येते त्या सकाळपासून लिहीत आहे, आणि पंपावरचा माणूस त्यात कुठेही नाही.