लेझरने कापलेली लाकडी पेटी : नक्षी काढताना या चुका टाळा

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावरचा माळढोक पक्षी हा पेटीच्या झाकणासाठी देखणा विषय आहे. १९७९ साली अभयारण्य झाल्यापासून तो या जिल्ह्याची ओळखच बनला आहे. मात्र छायाचित्रावरून काढलेले रेखाटन जसेच्या तसे यंत्राला देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. जाळीत, म्हणजे आरपार कापलेल्या नक्षीत, काय कापायचे याचा विचार सगळेच करतात, पण कापल्यावर काय शिल्लक राहणार हे आधी पाहावे लागते. ३ मि.मी. प्लायवुडमध्ये माळढोकाचे पाय २ मि.मी.पेक्षा बारीक ठेवले, तर ते पॉलिश पेपर फिरवतानाच मोडतात, आणि वरच्या थराच्या रेषांना आडवे आले तर आणखी लवकर. डोळ्याचे बुबुळ भोवतालच्या लाकडाला कोठेच जोडलेले नसेल, तर ते गळून पडते. म्हणून तेथे छोटा सांधा ठेवावा किंवा डोळा नुसता कोरावा.

बाभळीच्या पानाची नक्षी तर कसोटीच पाहते. तिच्या पर्णिका, म्हणजे पानाची बारीक दले, इतक्या दाट असतात की सगळ्या आरपार कापल्यास मधले लाकूड करपते. मोजक्या पर्णिका कापून बाकीच्या वरवर कोरलेल्या रेषांनी दाखवल्या, तर पान अधिक खरे वाटते, असे माझे ठाम मत आहे.

पेटीच्या बाजू एकमेकींत अडकवणारे दाते सैल बसत असतील, तर कारण बहुधा दोनपैकी एक असते. दुकानात ३ मि.मी. म्हणून मिळणारी प्लाय प्रत्यक्षात कमी-जास्त भरते, त्यामुळे खाचेची खोली व्हर्नियरने (बारीक मापाच्या मोजपट्टीने) प्लायची जाडी मोजूनच ठरवावी. शिवाय लेझर साधारण ०.१ ते ०.२ मि.मी. लाकूड जाळून टाकतो. प्रत्येक भागाची बाह्यरेषा त्याच्या निम्म्याने बाहेर सरकवावी आणि आधी दोन-चार दात्यांचा नमुना कापून पाहावा.

एका कोपऱ्यात आरपार कापले जाते आणि दुसऱ्यात नाही, अशी तक्रार असेल, तर लगेच लेझरची पॉवर वाढवू नये, कारण त्याने कडा काळ्या पडतात. आपल्याकडच्या कडक उन्हाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेली पातळ प्लाय वाकते आणि तेथे लेझरचा फोकस चुकतो. प्लाय आडवी, वजनाखाली ठेवावी व कापताना कडा दाबून धराव्यात. धुराचे डाग टाळण्यासाठी पृष्ठभागावर मास्किंग टेप लावावी. फाइलमध्ये क्रमही नीट द्यावा: आधी कोरीवकाम, मग आतली जाळी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी, अन्यथा सुटा झालेला तुकडा हलून नक्षी सरकते.