ग्राहकाच्या तक्रारीवरून मालातला दोष कसा शोधावा

भडंगाची पुडी सादळलेली निघाली, तर बहुतेक ग्राहक काही न बोलता पुढच्या वेळी दुसऱ्याची पुडी घेतात. जो वेळ काढून फोन करतो, तो उत्पादकाला फुकट तपासनीस मिळाल्यासारखा असतो आणि त्याचा एक शब्दही वाया जाऊ देऊ नये. सांगलीच्या एका भडंग कारखान्यात गुणवत्तेचे काम पाहताना मला हे पटले. म्हणून भडंग, बेदाणे, हळद किंवा साताऱ्याचे कंदी पेढे करणाऱ्या लहान उद्योगांसाठी हे लिहीत आहे.

सुरुवात नोंदवहीपासून करावी. पुडीवर तक्रारीसाठी संपर्क छापणे २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार बंधनकारकच आहे, पण तो फोन उचलणाऱ्याला काय विचारायचे हे ठाऊक असते का, हे आधी पाहावे. बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख, कुठून घेतले, कुठे ठेवले होते आणि उरलेला माल शिल्लक आहे का, एवढे विचारावे. तक्रार मात्र ग्राहकाच्याच शब्दांत लिहावी, कारण ‘हवा लागली आहे’ आणि ‘खवट वास येतो’ या दोन वाक्यांच्या वाटा निरनिराळ्या आहेत. पहिली पाकिटाकडे जाते, तर दुसरी शेंगदाण्यांकडे आणि तळणीच्या तेलाकडे. (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचत जाणारी खराब द्रव्ये, म्हणजे एकूण ध्रुवीय संयुगे, २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल वापरण्यास जुलै २०१८ पासून मनाई आहे.)

काच, धातूचा तुकडा किंवा खाल्ल्यानंतर आजारी पडल्याची तक्रार आली, तर पुढच्या पायऱ्यांची वाट पाहू नये. ती बॅच त्याच दिवशी बाजूला काढून विक्री थांबवावी. असुरक्षित माल बाजारातून परत मागवणे आणि तसे अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना कळवणे ही कायद्याने उत्पादकाचीच जबाबदारी आहे.

इतर तक्रारींत ग्राहकाकडची पुडी मागवून घ्यावी आणि त्याच बॅचच्या राखून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहावी. त्यासाठी प्रत्येक बॅचच्या काही पुड्या मुदत संपेपर्यंत कारखान्यात जपून ठेवाव्या लागतात. लहान उद्योजक नेमका इथेच हात आखडता घेतो आणि मग तपासायला हाताशी काहीच उरत नाही.

आमच्याकडे एका आषाढात मिरजेच्या दुकानांतून पुड्या सादळल्याच्या तक्रारी आल्या. पाऊस आहे, दुकानदार माल ओलीत ठेवत असतील, असे सगळेच म्हणाले. पण नोंदवही पाहिली तेव्हा सगळ्या पुड्या एकाच यंत्राच्या आणि संध्याकाळच्या पाळीतल्या निघाल्या. राखून ठेवलेल्या पुड्या पाण्याच्या बादलीत बुडवून दाबल्या, तर काहींच्या वरच्या कडेतून बारीक बुडबुडे आले. ती कड उजेडात धरल्यावर सीलच्या पट्टीत तिखट आणि तेलाची केसाएवढी लाल रेघ दिसली. पुडी भरताना मसाल्याची भुकटी यंत्राच्या जबड्यांवर, म्हणजे पुडीची कड दाबून चिकटवणाऱ्या गरम पट्ट्यांवर, बसत होती आणि जबडे फक्त सकाळी पुसले जात होते. संध्याकाळपर्यंत तो थर वाढे, त्या जागी पट्टी नीट चिकटत नसे आणि पावसाळी हवा आत शिरे.

म्हणून कारण शोधताना ‘कामगाराचे दुर्लक्ष’ या उत्तरावर थांबू नये. जबडे कधी पुसायचे हे कुणी ठरवलेच नव्हते. आम्ही दर दोन तासांनी ब्रशने सफाई आणि दर अर्ध्या तासाने पाच पुड्यांची बादलीतली चाचणी ठरवून यंत्राजवळच तक्ता टांगला.

तक्रारींची नुसती संख्या मोजू नये, विकलेल्या दर लाख पुड्यांमागे त्या किती आल्या ते पाहावे, नाहीतर दिवाळीत खप वाढला की दोषही वाढल्यासारखा वाटतो. ज्याने कळवले त्याला काय सापडले आणि काय बदलले हे साध्या शब्दांत सांगावे. आम्ही तसे सांगितल्यावर मिरजेचे ते दुकानदार पुढच्या पुड्या स्वतःहून तपासून कळवू लागले.

उपाय लागू पडला की नाही, याचा निकाल मात्र घाईने लावू नये. कार्तिकातल्या कोरड्या हवेत गळकी पुडीसुद्धा कुरकुरीत राहते. त्यामुळे सादळण्याची तक्रार पुढचा पावसाळा पूर्ण सरेपर्यंत वहीत उघडीच ठेवावी.