रॉकफिशचा जिग खडकात कमी अडकावा म्हणून

कॅलिफोर्नियात माँटेरेच्या किनाऱ्यालगत कायाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, मासेमारी करताना रॉकफिश बहुधा खडकाळ तळाशी सापडतात, आणि तिथे जिगच्या (धातूच्या जड आमिषाच्या) बुडाशी असलेला तिहेरी गळ कपारीत रुतून अख्खा जिगच जातो.

१. तिहेरी गळाची स्प्लिट रिंग पक्कडीने उघडून तो घरीच काढून टाकावा. हलत्या कायाकवर ती बारीक कडी हमखास हातातून निसटते.

२. जाड दोरीच्या आखूड तुकड्यावर बांधलेला एकेरी गळ, म्हणजे असिस्ट हुक, जिगच्या वरच्या कडीला लावावा आणि दोरीची लांबी इतकीच ठेवावी, की गळाचे टोक जिगच्या मध्याखाली उतरणार नाही. जोडीला फार तर आणखी एक गळ लावावा, कारण तिथल्या नियमानुसार रॉकफिशसाठी दोनच गळ चालतात.

३. मुख्य ब्रेडेड (विणलेली) लाइन ४० पौंड ताण सोसणारी असल्यास तिच्या आणि जिगच्या मधला तंगूस ३० पौंडांचा घ्यावा, म्हणजे जिग अडकलाच तर तंगूस तुटेल आणि महागडी लाइन शाबूत राहील.

अडकलेली लाइन हाताला गुंडाळून किंवा कायाकच्या बाजूवरून कधीही ओढू नये, कारण लाटेबरोबर कायाक कलंडते. वल्हवत अडकल्या जागेच्या पलीकडे जावे आणि नाळेच्या, म्हणजे कायाकच्या पुढच्या टोकाच्या, दिशेने ताण द्यावा.