शाळेच्या फीवर करसवलत: या चुका टाळा

फीच्या पावत्या शोधायला बसण्याआधी तुम्ही कोणत्या करप्रणालीत आहात ते पाहा. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत शाळेच्या फीची वजावट नाही. आयकर कायद्याच्या कलम ८०सीची ही वजावट हवी असेल तर जुनी प्रणाली स्वतः निवडावी लागते, तीही रिटर्न भरण्याच्या मूळ मुदतीच्या आत. मुदत टळल्यावर उशिरा रिटर्न भरणाऱ्याला जुन्या प्रणालीत जाता येत नाही. पावत्यांची फाइल कितीही नीटनेटकी असली, तरी इथे तिचा उपयोग शून्य.

दुसरा घोळ ८०सीच्या दीड लाख रुपयांच्या मर्यादेचा. ही मर्यादा एकट्या फीची नाही. पीएफ, पीपीएफ, विम्याचे हप्ते, गृहकर्जाचे मुद्दल सगळे तिच्यातच बसते. समजा पगारातून ९०,००० रुपये पीएफ कापला गेला आणि ५०,००० मुद्दल फेडले, तर फीसाठी उरले १०,०००. मग शाळेने ८०,००० घेतले असले तरी वजावट दहा हजारांचीच. जोडीदाराच्या ८०सीत जागा असेल तर फी त्यांच्या खात्यातून भरणे शहाणपणाचे, पण हे वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचे असते. वजावट ज्याने पैसे भरले त्याला मिळते. आईच्या खात्यातून गेलेली फी बाबांच्या रिटर्नमध्ये दाखवता येत नाही. दोघांनी मिळून भरली असेल तर ज्याने जेवढी भरली तेवढीच त्याने दाखवावी.

सर्वाधिक चुका पावतीच्या खालच्या एकूण रकमेमुळे होतात. लोक तोच आकडा उचलून भरतात, पण वजावट फक्त ट्यूशन फीची, म्हणजे शाळेत शिकवण्याच्या शुल्काची असते. त्यात विकास निधी असतो, कधी देणगी असते, आणि या दोन्ही कायद्यानेच वगळलेल्या आहेत. बस, गणवेश, पुस्तके, डबा, उशिराचा दंड हेही ट्यूशन फी नव्हे. शाळेने एकरकमी पावती दिली असेल तर सदरनिहाय तपशील असलेले प्रमाणपत्र कार्यालयातून मागून घ्या. मार्चमध्ये तिथे गर्दी असते, म्हणून जानेवारीतच मागितलेले बरे.

खासगी शिकवणी आणि कोचिंग क्लास बसत नाहीत, कारण अट पूर्णवेळ शिक्षणाची आहे. शिक्षणसंस्था भारतातली हवी. परदेशातल्या विद्यापीठाची फी चालत नाही. मात्र प्ले-स्कूल आणि नर्सरीची फी चालते, आणि अनेक पालक ती उगाचच सोडून देतात.

मुलांच्या संख्येची मर्यादा प्रत्येक करदात्याला दोन अशी आहे, कुटुंबाला नव्हे. तीन मुले असतील तर दोघांची फी वडिलांनी आणि तिसऱ्याची आईने भरून दोघेही वजावट घेऊ शकतात. नातवंडांची फी आजी-आजोबांनी भरली तर त्यांना वजावट नाही. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या शिक्षणाची फीही यात येत नाही.

जूनमध्ये सुरू होणाऱ्या सत्राची फी मार्चमध्ये भरली, तर वजावट मार्च ज्या आर्थिक वर्षात येतो त्याच वर्षात. सत्र कधीचे आहे याला महत्त्व नाही, पैसे कधी भरले याला आहे. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात ८०सीची जागा कलम १२३ने घेतली आहे, त्यामुळे जुन्या कलमाचे नाव शोधत बसू नका.

कंपनीला पुरावे द्यायचे राहून गेले आणि जास्त टीडीएस कापला गेला, तर घाबरू नका. मुदतीत रिटर्न भरताना जुनी प्रणाली निवडून वजावट थेट तिथे घेता येते आणि जादा कापलेला कर परतावा म्हणून मिळतो. रिटर्नसोबत पावत्या जोडायच्या नसतात, पण विचारणा झाली तर दाखवाव्या लागतात. म्हणून पावतीबरोबर बँकेच्या खात्याची नोंदही जपून ठेवा. रोखीने भरलेल्या फीबाबत पैसे कोणी दिले हे सिद्ध करताना पालकांची दमछाक होते, तेव्हा शक्यतो ऑनलाइन किंवा चेकनेच भरा.