कुस्तीतून जिउ-जित्सूत येताय? आधी पाठ टेकायला शिका

सांगलीकडच्या तालमीत वाढलेल्या पोराच्या अंगात एकच गोष्ट भिनलेली असते: पाठ मातीला लागली की कुस्ती गेली. म्हणून खाली येताच तो झटकन पालथा होतो. ब्राझिलियन जिउ-जित्सूत पाठ टेकली म्हणून हार होत नाही; गळा आवळून किंवा सांधा पिळून समोरच्याला हार मानायला लावायची असते. तिथं नेमकं हेच पालथं होणं महागात पडतं. समोरचा पाठीवर स्वार होतो, दोन्ही पाय मांड्यांत अडकवतो, हात गळ्याखाली सरकवतो आणि खेळ खलास.

महिनाभर रोजची पहिली लढत मुद्दाम उताणं पडून सुरू करा. जोडीदार हलका घ्या. पाय त्याच्या कमरेभोवती, एक हात मनगटावर, दुसरा मानेमागे. कोपराला ओढ बसली की लगेच थाप द्या, म्हणजे जोडीदाराला किंवा चटईला हाताने थोपटून हार माना. तिथं रग दाखवू नका, सांध्याचं दुखणं लवकर जात नाही. कुठं अडकलात, तेवढी एकच ओळ वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरुवात.